गावाच्या नावाखालचे गाव

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या उजव्या काठावर इनामगाव आहे. आपल्या महाविद्यालयात त्या भागातून येणारी मुले दरवर्षी असतात आणि इतिहासाच्या तासाला हे नाव निघाले, की सगळ्यांचे डोळे त्यांच्याकडे वळतात. महाराष्ट्रातील पहिल्या शेतकऱ्यांविषयी आज जे काही खात्रीने सांगता येते, त्याचा फार मोठा भाग ह्या एका गावच्या शिवारातून निघाला आहे. पण ह्या गावाच्या नावाकडे जरा बारकाईने पाहावे. 'इनाम' हा शब्द अरबी. तो फारशी दरबारी भाषेच्या वाटेने दख्खनच्या सुलतानांच्या काळात आपल्याकडे रुजला. म्हणजे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची वस्ती ज्या नावाने जगाला ठाऊक झाली, ते नाव फार तर सहासातशे वर्षांमागचे. वस्ती आपल्या भागातली सर्वांत जुन्यांपैकी, आणि नाव मात्र अगदी अलीकडचे!

ही विसंगती मला गेले वर्षभर स्वस्थ बसू देत नाही. गावांची नावे म्हणजे इतिहासाची साधने, असे आपण वर्गात शिकतो. मग इनामगावात हे साधन असे का फसते? आणि इथे फसत असेल, तर शिरूर आणि दौंड ह्या आपल्या दोन तालुक्यांत ते कुठे कुठे विश्वासाचे ठरते? त्याच शोधाचा हा लेख आहे.

आधी उत्खननाविषयी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत बारा हंगाम इनामगावात खणले. डॉ. ह. धी. सांकळिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झै. दा. अन्सारी ह्यांची नावे ह्या कामाशी कायमची जोडली गेली आहेत. एखाद्या टेकाडात दोनचार खड्डे घेऊन थर मोजायचे आणि पुढच्या गावी जायचे, अशी त्यापूर्वीची सर्वसाधारण रीत होती. इथे मात्र पसरट खोदाई करून पुरे गाव उघडे करण्याचा प्रयत्न झाला. एकशेतीसच्या आसपास घरे आणि अडीचशेच्या वर दफने सापडली. त्यामुळे इनामगाव हे नुसत्या खापरांचे नव्हे, माणसांचे गाव म्हणून आपल्याला भेटते.

ही वस्ती साधारणपणे इ. स. पू. १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षे टिकली. तिचे तीन काळ मानतात : आधी माळव्याकडच्या भांड्यांशी नाते सांगणारा माळवा काळ, मग इ. स. पू. १४०० च्या सुमाराचा पूर्व जोर्वे आणि इ. स. पू. १००० नंतरचा उत्तर जोर्वे. ('जोर्वे' हे नाव संगमनेर तालुक्यातील ज्या गावावरून पडले, तिथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले होते.) पूर्व जोर्वे काळात गाव चांगले नांदते होते. कुडाच्या भिंतींची ऐसपैस चौकोनी घरे, नदीच्या पुराचे पाणी वळविण्यासाठी खणलेला कालवा, दगडमातीचा बंधारा, कुंभाराची भट्टी, धान्याचे कोठार आणि त्या कोठाराजवळ गावच्या मुख्याचे पाच खोल्यांचे घर. पिकांत मुख्य सातू. त्याच्या जोडीला गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ. बोरांच्या आठळ्याही मिळाल्या. हा शेवटचा तपशील वाचकांनी लक्षात ठेवावा, बोरांकडे पुन्हा यायचे आहे.

मेलेली माणसे ते घरातच पुरत. मूल गेले, तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवीत आणि जमिनीखाली पुरीत. मोठ्या माणसांची पावले घोट्यापासून तोडलेली आढळतात. मृताचे भूत होऊन ते चालत निघून जाऊ नये, म्हणून असे करीत असावेत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. एका मोठ्या घराच्या आवारात चार पायांच्या मातीच्या रांजणात बसविलेला पुरुष मिळाला. त्याची पावले मात्र शाबूत होती. मातीच्या लहानशा पेटीत ठेवलेली बिनडोक्याची देवीची मूर्ती आणि तिच्याबरोबरचा बैल, ह्यांचा फोटो आपण पाठ्यपुस्तकात पाहिलेला आहे.

पुढे पाऊस कमी होत गेला. उत्तर जोर्वे काळात चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, गाई कमी झाल्या, शेळ्यामेंढ्या वाढल्या आणि हरणांची शिकार वाढली. शेती करणारे लोक अर्धवट भटके होत गेले. इ. स. पू. ७०० च्या सुमारास गाव ओस पडले.

आता माझा प्रश्न. हे लोक एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलत? त्यांच्या गावाला ते काय म्हणत? त्यांच्याकडे लिपी नव्हती आणि खापर बोलत नाही. भांड्यावरच्या नक्षीवरून भाषा ओळखता येत नाही, हे पुरातत्त्वाच्या पहिल्या धड्यांपैकी एक आहे. तरीही 'ते आर्य होते की द्रविड' अशा चर्चा मोठ्या हिरिरीने होतात. मग भाषेचा माग काढायला उरते काय? उरतात ती ठिकाणांची नावे. माणसे जातात, भाषा बदलते; पण ओढ्याला, टेकाडाला, पाणवठ्याला पडलेले नाव पुष्कळदा नव्या लोकांच्या तोंडी तसेच राहते. त्याचा अर्थ त्यांना कळत नाही, म्हणून ते बदलतही नाहीत.

ह्याचे एक फार स्पष्ट उदाहरण दूर उत्तर युरोपातले आहे. सामी नावाचे लोक आज नॉर्वे, स्वीडन व फिनलंडच्या अगदी उत्तर टोकाला आणि रशियाच्या कोला द्वीपकल्पात राहतात. रेनडिअरचे कळप राखणारे म्हणून ते आपल्याला भूगोलाच्या पुस्तकातून माहीत असतात. पण फिनलंडच्या दक्षिणेला, राजधानी हेलसिंकीच्या जवळ, नूक्सिओ नावाचे जंगलतळ्यांचे ठिकाण आहे. फिनिश भाषेत ह्या नावाला धड अर्थ नाही. सामी भाषेत 'न्युक्चा' म्हणजे राजहंस. आज तिथे सामी वस्ती नाही. शेती करणारे फिनिश लोक पसरत गेले, सामी उत्तरेकडे सरकले किंवा त्यांच्यातच मिसळून गेले. हंसाचे नाव मात्र तळ्यापाशी राहिले. आन्ते आइकिओ ह्या भाषाशास्त्रज्ञाने अशी नावे पद्धतशीर तपासली आहेत. तो स्वतः सामी आहे. त्याचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा निष्कर्ष पुढचा आहे. सामी लोकांच्या आजच्या उत्तरेकडच्या मुलखातही कित्येक डोंगरपाण्यांची नावे सामी भाषेत लावता येत नाहीत. ती सामींच्याही आधीच्या, आता पूर्ण नाहीशा झालेल्या भाषेतली असावीत. म्हणजे आपण ज्यांना 'मूळचे' म्हणतो, त्यांच्याही पायाखाली कोणाची तरी पांढरी असते.

हे मनाशी धरून आता आपल्या एस.टी.च्या पाट्यांकडे वळू.

सर्वांत वरचा थर ओळखायला कोणी पंडित लागत नाही. बाभूळसर खुर्द आणि बाभूळसर बुद्रुक : ह्यातले 'खुर्द' म्हणजे धाकटे आणि 'बुद्रुक' म्हणजे 'बुजुर्ग', थोरले. दोन्ही फारशी. आलेगाव पागा म्हटले, की घोडदळ डोळ्यांपुढे येते. टाकळी हाजी, आमदाबाद, इनामगाव हीही त्याच पंगतीतली. तळेगाव ढमढेरे, पिंपळे जगताप, मांडवगण फराटा ह्यांत घराण्यांची नावे गावाला चिकटली, तर कान्हूर मेसाई आणि कवठे येमाई ह्यांत ग्रामदेवता. हे सारे जोडशब्द महसुलाच्या सोयीचे : एका नावाची दहा गावे, तेव्हा कारकुनाला फरक करायला काहीतरी हवेच. कारकुनाची लेखणी कधी नावच बदलते. रेल्वेच्या इंग्रजी कागदांत दौंडचे 'धोंड' झाले; १८७८ मध्ये सुरू झालेला मनमाडकडचा फाटाही 'धोंड-मनमाड' म्हणूनच नोंदला गेला. कोणी परदेशी अभ्यासक उद्या त्या स्पेलिंगवरून 'धोंडा'शी नाते जोडू लागला, तर त्याला दोष कसा द्यावा?

ह्या थराखाली गेले, की आपल्याला फार भाग्याने एक लेखी पुरावा मिळतो. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण ह्याचा शके ६९०, म्हणजे इ. स. ७६८ चा तळेगाव ताम्रपट. त्यात पुण्याचा उल्लेख 'पूनक विषय' असा येतो, म्हणून पुण्याच्या इतिहासात तो नेहमी सांगितला जातो. पण पुणेकरांनी आपल्यापुरते एक नाव उचलले आणि ताम्रपट ठेवून दिला, असे मला वाटते. आपल्या दृष्टीने खरी गंमत दानगावांच्या चतुःसीमेत आहे. उत्तरेला 'मुइला' नदी, म्हणजे आपली मुळा. पश्चिमेला 'अलंदीय' आणि 'थिउर' ही गावे, म्हणजे चोराची आळंदी आणि थेऊर. पूर्वेला 'खंभग्राम', 'वोरिमग्राम' आणि 'दाडिमग्राम'. अभ्यासकांनी ही तीन गावे खामगाव, बोरी आणि डाळिंब म्हणून ओळखली आहेत. यवतच्या परिसरातून रोज दौंडला येणाऱ्या आपल्या मित्रांच्या गावांची नावे बाराशे छप्पन्नहून अधिक वर्षांपूर्वी तांब्यावर कोरली गेली होती आणि उच्चारात थोडीशी झीज सोडली, तर ती तशीच आहेत. राजे किती झाले, भाषा संस्कृत-प्राकृतातून मराठीत आली. पण बोराचे झाड बोराचेच राहिले, डाळिंब डाळिंबच राहिले.

ह्या यादीत आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. ताम्रपट लिहिणारा संस्कृतज्ञ होता. ज्या नावाचा अर्थ त्याला कळला, ते त्याने संस्कृतात बसविले : 'दाडिमग्राम' हे शुद्ध संस्कृत रूप. पण 'थिउर' त्याने तसेच ठेवले. थेऊरच्या चिंतामणीच्या स्थानमाहात्म्यात ब्रह्मदेवाचे चंचल मन तिथे 'स्थावर' झाले, म्हणून 'थेऊर', अशी व्युत्पत्ती सांगतात. भाविकाला ती गोड वाटते आणि त्यात वावगे काही नाही. पण आठव्या शतकातल्या पंडिताला 'स्थावर' सुचणे अवघड नव्हते. त्याने 'थिउर' लिहिले, ह्याचा अर्थ त्याच्या कानाला ते नाव संस्कृत वाटत नव्हते. माझ्या मते, अर्थ न लागणारे नाव जसेच्या तसे लिहून ठेवणारा लेखनिक हा इतिहासाचा मोठा उपकारकर्ता आहे.

ह्या 'ऊर'पाशी थोडे थांबू. शिरूर, केंदूर, कान्हूर : एकाच तालुक्यात तीन. कन्नड, तमिळ, तेलुगू ह्या द्राविडी भाषांत 'ऊर' किंवा 'ऊरु' म्हणजे गाव, आणि कर्नाटकात तर शिरूर नावाची गावेच आहेत. आपल्याकडे बीड जिल्ह्यात शिरूर कासार आणि लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आहे. तेव्हा 'शिरूर हे कानडी नाव' असे चटकन म्हणावेसे वाटते. पण घाई नको. संस्कृत 'पुर' शब्दातला 'प' दोन स्वरांमध्ये सापडला, की प्राकृतात गळतो आणि 'उर' उरतो. गोव्यातले चांदोर हे मूळचे चंद्रपूर. त्याच न्यायाने कान्हूर हे 'कृष्णपुर' असू शकते, कान्हाचे पूर. आणि त्याच वेळी कन्नडातले 'ऊर'ही असू शकते. नुसत्या शेवटच्या अक्षरावरून निकाल देता येत नाही. जुने लेखी रूप हवे, शेजारची नावे हवीत, आणि ती शेपटी कोणत्या भागात दाट व कोणत्या भागात विरळ आहे, ह्याचा नकाशा हवा.

असा नकाशा करण्याचे काम फ्रँकलिन साउथवर्थ ह्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने मराठी मुलखासाठी केले. दक्षिण आशियाच्या भाषिक पुरातत्त्वावरचा त्यांचा ग्रंथ २००५ मध्ये आला. त्यांनी विशेषतः 'वली' आणि 'ओली' ह्या शेपटांचा विचार केला : डोंबिवली, बोरिवली, कांदिवली. द्राविडी 'पळ्ळि' म्हणजे वाडी, लहान वस्ती. 'वली' तिच्याशी जोडली जाते. ('पल्ली' हा शब्द संस्कृत कोशांतही आहे, पण तो द्राविडीतूनच तिथे गेला, असे मानतात.) ही नावे कोकणपट्टीत दाट आहेत आणि घाट चढून देशावर आले, की विरळ होत जातात. आपल्या दोन तालुक्यांत तर 'गाव' आणि 'वाडी' ह्यांचेच राज्य आहे. ही वाटणी नुसत्या योगायोगाने होत नाही. मराठी होण्यापूर्वी ह्या प्रदेशाच्या निदान काही भागांत द्राविडी भाषा बोलणारी गावे होती, असा त्यांचा निष्कर्ष आहे आणि मला तो पटतो.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. कन्नडचे पंडित शं. बा. जोशी ह्यांनी 'मऱ्हाठी संस्कृती : काही समस्या' ह्या १९५२ च्या पुस्तकात ह्या विषयाला हात घातला होता. पुढे विश्वनाथ खैरे ह्यांनी १९७७ मध्ये 'द्रविड महाराष्ट्र' लिहून मराठी शब्दांची तमिळशी असलेली नाती पुढे मांडली. खैरे ह्यांचा कान फार तीक्ष्ण आहे. त्यांचे लेखन वाचल्यावर रोजचे शब्दही वेगळे ऐकू येऊ लागतात. तरीही उच्चाराचे साम्य एवढाच आधार जिथे आहे, तिथे मी थांबतो. साम्य हा शोधाचा आरंभ झाला, पुरावा नव्हे.

पण ह्या प्रश्नावर शांतपणे विचार होणे आपल्याकडे अवघड गेले, त्याचे कारण भाषाशास्त्रात नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर सीमाप्रश्न पेटला आणि गावाचे नाव म्हणजे जणू सातबाराचा उतारा झाला. एका बाजूने नाव कानडी म्हणून जमीन कानडी म्हणायचे, दुसऱ्या बाजूने त्याच नावाची मराठी व्युत्पत्ती काढून उत्तर द्यायचे. नवव्या शतकातल्या 'कविराजमार्ग' ह्या कन्नड ग्रंथात कन्नड देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितला आहे, हे वाचून आपल्या मंडळींना राग येतो. त्या वेळचा राजा अमोघवर्ष राष्ट्रकूट होता आणि राष्ट्रकूटांचे राज्य आपल्या खामगाव-बोरीवरही होते, हे ध्यानात घेतले, तर त्यात राग येण्यासारखे काय आहे? शिरूर हे नाव कानडी ठरले, तर शिरूरकर कानडी ठरत नाही. नूक्सिओ सामी ठरल्याने हेलसिंकी सामींची झाली नाही. फक्त तिथे आधी कोण राहत होते, हे कळते. आणि ते 'आधीचे' लोक बहुधा कुठे निघून गेलेले नसतात, तर आपल्यातच मुरलेले असतात.

आपली बोली त्याची साक्ष देते. आपण थोरल्या बहिणीला 'अक्का' आणि थोरल्या भावाला 'अण्णा' म्हणतो, भातावर 'तूप' घेतो, सुपारी 'अडकित्त्या'ने कातरतो. हे सारे शब्द कन्नडाच्या घरचे. ह्याहून खोल खूण व्याकरणात आहे. 'आम्ही जाऊ' आणि 'आपण जाऊ' ह्यांत फरक आहे. पहिल्यात ऐकणारा नाही, दुसऱ्यात आहे. हिंदीतल्या 'हम'ला हा भेद माहीत नाही. तमिळला तो माहीत आहे. शब्द बाजारात उसने मिळतात, पण असा भेद उसना मिळायला पिढ्यान्पिढ्या एका घरात दोन भाषा नांदाव्या लागतात. आणि भीमेच्या काठाने खाली गेले, तर पंढरपूर लागते. तिथल्या होयसळ राजा सोमेश्वराच्या १२३७ च्या शिलालेखात गावाचे नाव 'पंडरगे' असे कानडी वळणाचे आहे. 'पंढरपूर' हे त्याचे मागून झालेले रूप. ज्या गावाच्या वाटेने आपल्या तालुक्यांतून दिंड्या जातात, त्या गावाचेच हे आहे, मग आपल्या केंदूरचे कौतुक ते काय!

मग इनामगावचे पहिले शेतकरी द्राविडी भाषा बोलत होते का? इथे मला वाचकांचा हात धरून मागे ओढावेसे वाटते. 'ऊर'ची नावे त्यांच्या काळाची असली पाहिजेत, असे नाही. बदामीच्या चालुक्यांचे राज्य इथवर आले होते. दुसऱ्या पुलकेशीच्या इ. स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात भैमरथी, म्हणजे आपली भीमा, नावाने येते. चालुक्य आणि राष्ट्रकूट ह्यांच्या चारपाचशे वर्षांत कन्नड बोलणारे अधिकारी, सैनिक, व्यापारी ह्या मुलखात वावरले, आणि काही 'ऊर' त्यांनी वसविले असतील. म्हणजे एका शेपटाचे दोन जन्मकाळ शक्य आहेत, आणि त्यांत दीड-दोन हजार वर्षांचे अंतर आहे.

त्याहून मोठी अडचण इनामगावच्या मातीतच आहे. नाव टिकायला मुखांची साखळी लागते. डाळिंब टिकले, कारण इ. स. ७६८ पासून आजपर्यंत तिथे कोणी ना कोणी राहत होते आणि येणाऱ्याला गावाचे नाव सांगत होते. इनामगावची वस्ती इ. स. पू. ७०० ला उठली. पुढे कित्येक शतके त्या टेकाडांवर कोणाची चूल पेटली नाही. नवे गाव वसले, त्याला इनामात मिळाल्याचे नाव पडले. जुने नाव सांगायला कोणी नव्हते. साखळी तुटली, की नाव जाते, मग खाली कितीही घरे असोत. ह्या हिशेबाने मोठ्या गावांपेक्षा नद्यांची नावे अधिक जुनी असण्याचा संभव असतो, कारण नदी ओस पडत नाही. तिच्या काठी कुठे तरी कोणी तरी असतेच. मुइलाची मुळा आणि भैमरथीची भीमा ह्यांनी निदान बारातेराशे वर्षे निभावली आहेत.

तरीही त्या पहिल्या वस्त्यांची भाषेत काहीच खूण उरली नाही, असे नाही. खूण आहे, पण गावाच्या नावात नाही, शिवारातल्या एका साध्या शब्दात आहे. आपल्या खेड्यांत जमिनीचे दोन भाग मानतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे वस्तीची. वस्तीची माती पांढरी का? शेकडो वर्षांची चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंतींचा चुना-पेंढा एकजीव होऊन ती करडी-पांढुरकी होते. जिथे आज गाव नाही, फक्त टेकाड आहे, आणि तरी लोक त्याला 'पांढरी' किंवा 'पांढर' म्हणतात, तिथे बहुधा खापरे मिळतात. पुराणवस्तूंच्या शोधात हिंडणाऱ्यांनी हा शब्द केव्हाच हेरला आहे. गावात गेल्यावर ते पहिल्यांदा पांढरीचे टेकाड कुठे, हेच विचारतात. शेतकऱ्यालाही ते ठाऊक असते, कारण ही माती शेताला चांगली. गाड्या भरभरून आणि आता ट्रॅक्टर लावून ती वाहून नेल्यामुळे कित्येक टेकाडे सपाट झाली. त्याला जोडूनच महसुली दप्तरातला एक फारशी शब्द सांगतो : 'बेचिराग'. ज्या गावात दिवा लागत नाही ते गाव, म्हणजे ओसाड. पण सारा आकारायला त्याचा शिवार मात्र दप्तरात उरतो. कारकुनी भाषेत इतका काव्यमय शब्द मला दुसरा सापडला नाही.

ही लहान नावे आता झपाट्याने जात आहेत. १९४७ च्या तुकडेजोड कायद्याखाली जमिनींचे एकत्रीकरण झाले, गट पडले आणि शेताला क्रमांक आला. 'पांढरीखालचे', 'जांभळीचे', 'मधली पट्टी' असे म्हणणारी पिढी म्हातारी झाली. तिची नातवंडे 'गट नंबर दोनशे तेरा' म्हणतात. उजनी धरण १९८० मध्ये पुरे झाले, तेव्हा भीमेकाठची गावे पाण्याखाली जाऊन नव्या जागी वसली. गावांनी आपले नाव बरोबर नेले. पण ओढ्याघळींची, उतारांची, थळांची नावे बरोबर नेता येत नाहीत. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय सरकारने २०२० च्या डिसेंबरात घेतला. तो योग्यच आहे. ज्या नावाने माणसाचा अपमान होतो, ते राखण्यात कसला इतिहास? मात्र जुने नाव काय होते, त्याची नोंद कुठे तरी असावी.

मोठ्या गावांच्या व्युत्पत्ती पंडितांना सोडून मी सध्या ह्या लहान नावांच्या मागे आहे. आमच्या वाडीत एका ऐंशी ओलांडलेल्या बाबांबरोबर मी बांधाबांधाने हिंडलो. एका उंचवट्याशी आल्यावर विचारले, "बाबा, ह्या तुकड्याला काय म्हणायचे?"

"त्याला काय म्हनायचं? पांढरीखालचं."

"पण इथे तर गाव नाही."

"आता न्हाई. कवातरी आसंल की! उगं का म्हनत्यात?"

बांधाच्या कडेला पावसाने उघडी पडलेली खापरे होती. ती कोणत्या काळातली, हे जाणकार सांगतील; मी ती जागच्या जागी ठेवली आहेत. घरी येऊन आमचा सातबारा काढून पाहिला. त्यात गट क्रमांक, भोगवटादाराचे नाव, क्षेत्र, आकार ह्यांबरोबर 'शेताचे स्थानिक नाव' असाही एक रकाना छापलेला असतो, हे मला तोवर माहीत नव्हते. आमच्या उताऱ्यावर तो कोरा होता. नंतर वर्गातल्या दहाबारा मित्रांना त्यांच्या घरचे उतारे आणायला सांगितले. त्यांच्यापैकी एकाच्या उताऱ्यात नाव भरलेले निघाले. बाकीच्यांनी आपापल्या आजीला विचारून यायचे कबूल केले आहे. आतापर्यंत आलेल्या यादीत तीन पांढऱ्या आहेत. त्यांतल्या एका ठिकाणी गेल्या कोणत्याही पिढीने गाव पाहिलेले नाही.